दे सिकाचे नवखे नट आणि तुमच्या रशेसमधले लाकडी चेहरे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पंधरा मिनिटांचा लघुपट करताय, मुख्य भूमिकेत ओळखीतला खराखुरा रिक्षावाला आणि त्याची आठ वर्षांची मुलगी. व्हित्तोरिओ दे सिका या इटालियन दिग्दर्शकाने ‘बायसिकल थीव्ज’ पटकथेशिवाय, रस्त्यावरच्या माणसांना कॅमेऱ्यासमोर उभं करून केला, असं कुठेतरी वाचलंत. त्याच पद्धतीने दोन दिवस शूटिंग केलं, आणि रशेस (चित्रित केलेले कच्चे तुकडे) बघितल्या तर दोघंही पाठांतर म्हणून दाखवताहेत असं वाटतंय. हाच माणूस चहाच्या टपरीवर भन्नाट बोलतो. मग कॅमेऱ्यापुढे त्याचं काय होतं, आणि दे सिकाने असं काय केलं होतं, हे तुम्हाला हवंय. शेवटी लेन्सबद्दलही विचारलंत.

माझ्या मते गडबड कामाच्या वाटपात आहे. प्रसंग समजून घ्यायचा, संवाद लक्षात ठेवायचे, भावना आणायची, ती पाच टेकमध्ये पाच वेळा आणायची आणि वर ‘नैसर्गिक’ राहायचं, हे सगळं तुम्ही त्या रिक्षावाल्यावर टाकलंत. मुरलेल्या नटाचीही यात दमछाक होते. दे सिकाने यातलं एकेक ओझं नवख्या नटाच्या डोक्यावरून उतरवून दुसऱ्या कुणाला तरी दिलं. काही लेखकांना, काही डबिंगला, बरंचसं स्वतःकडे घेतलं. नटाकडे उरलं ते त्याला पेलेल इतकंच. यातलं तुम्हाला किती उचलता येईल, हे तुम्ही आवाज कसा घेताय, मुलगी अनोळखी माणसांत कितपत मोकळी होते आणि तुमच्याकडे किती दिवस आहेत, यावर ठरेल. म्हणून नुसत्या सूचना न देता कारणंही सांगतो.

‘पटकथेशिवाय’ हे आधी डोक्यातून काढून टाका. १९४८च्या ‘बायसिकल थीव्ज’च्या पटकथेवर दे सिका धरून सात जणांची नावं आहेत. त्यात चेझारे झावात्तिनी आणि सुझो चेक्की द’अमिको ही मोठी नावं. मूळ धागा लुईजी बार्तोलिनीच्या १९४६च्या कादंबरीतला, पण पडद्यावर येईपर्यंत तिच्यातलं फारच थोडं शिल्लक राहिलं. भविष्य सांगणाऱ्या बाईचं घर, गरिबांना जेवण घालणारं चर्च, अशी ठिकाणं लेखकांनी आधी स्वतः जाऊन पाहिली आणि मग लिहिली. गोष्ट साधी: पोस्टर चिकटवण्याच्या नोकरीसाठी लागणारी सायकल चोरीला जाते आणि अंतोनिओ लहानग्या ब्रूनोला, आपल्या मुलाला, घेऊन ती शोधत फिरतो. शुक्रवार ते रविवार एवढ्याच अवधीत ती संपते, आणि त्यात कुणी आपली व्यथा बसून सांगतोय असा प्रसंग जवळजवळ नाही.

चादरी गहाण टाकण्याचा प्रसंग आठवा. गहाण पडलेली सायकल सोडवायला पैसे नाहीत म्हणून अंतोनिओची बायको मारिया पलंगावरच्या चादरी ओढून काढते आणि गहाणवटीच्या खिडकीवर नेते. थोडी घासाघीस होऊन ७,५०० लिरा मिळतात. मग तिथला माणूस तो गठ्ठा घेऊन फडताळावर चढतो, चढतच राहतो, आणि छतापर्यंत रचलेले असे शेकडो गठ्ठे दिसतात. सगळं शहर कफल्लक झालंय हे लेखकांनी गठ्ठ्यांकडून सांगून घेतलं. मारियाचं काम करणाऱ्या लियानेल्ला कारेलने चादर ओढायची आणि खिडकीतून आत बघायचं, एवढंच. तीही नटी नव्हती, पत्रकार होती.

तुमची पटकथा घ्या आणि प्रत्येक प्रसंगासमोर एकच वाक्य लिहा: कोण, हाताने, काय करतो. जिथे उत्तर फक्त ‘बोलतो’ किंवा ‘विचार करतो’ असं येईल तिथे लाल खूण करा. तुमच्या लाकडी वाटणाऱ्या रशेस बहुधा त्याच खुणांवर सापडतील. तो प्रसंग काढायचा, नाहीतर त्यात हाताला काम द्यायचं.

आता दे सिकाबद्दल, कारण त्याच्या चरित्रातली एक गोष्ट इथे फार उपयोगाची आहे. नववास्तववादाचा, म्हणजे युद्धानंतरच्या इटलीत साध्या माणसांच्या जगण्यावर चित्रपट करणाऱ्यांतला, दिग्दर्शक म्हटलं की डोळ्यांसमोर कुणीतरी रागीट, कफल्लक पत्रकार येतो. दे सिका तसा मुळीच नव्हता. १९०१ साली सोरा या गावी जन्म, विशीत रंगभूमी, आणि १९३२ साली मारिओ कामेरिनीच्या चित्रपटातून तो इटलीचा लाडका नायक झाला. देखणा, गाणारा, सूट शोभणारा. दिग्दर्शन त्याने १९४०मध्ये सुरू केलं, तेही हलक्याफुलक्या चित्रपटांपासून. त्याच्या अंगात नट मुरलेला होता. सेटवर तो प्रत्येक भूमिका स्वतः करून दाखवायचा, मुलाची, म्हाताऱ्याची, मोलकरणीचीसुद्धा, आणि नवख्यांकडून ती हालचालीपर्यंत बसवून घ्यायचा. ‘माणसाला मोकळं सोडलं की वास्तव आपोआप येतं’ हा समज इथेच पडतो.

पण करून दाखवणं हे दुधारी आहे. तो उत्तम नट होता म्हणून त्याची नक्कल केलेलीही चालून गेली. तुम्ही रडवेला चेहरा करून दाखवलात तर मुलगी तुमचा चेहरा उचलेल, आणि पडद्यावर तुमचा वाईट अभिनय तिच्या अंगावर दिसेल. म्हणून हालचाल दाखवा, भाव दाखवू नका. ‘इथवर ये, पिशवी खाली ठेव, मग दाराकडे बघ’ इतकं करून दाखवायला हरकत नाही. चेहरा कोरा ठेवून दाखवा.

निवडीबद्दल तुमचा दुसरा समज असा दिसतो की रिक्षावाल्याच्या भूमिकेला रिक्षावालाच हवा. दे सिकाने असा नियम पाळला नाही. ‘बायसिकल थीव्ज’मधला पोस्टर चिकटवणारा अंतोनिओ म्हणजे लाम्बेर्तो माज्जोरानी हा कारखान्यातला कामगार होता. ‘उंबेर्तो डी’मधला (१९५२) पेन्शनवरचा म्हातारा कारकून झालेले कार्लो बात्तिस्ती हे फ्लोरेन्स विद्यापीठातले भाषाशास्त्राचे प्राध्यापक. ‘शूशाइन’ची (१९४६) कल्पना तर दे सिकाला रोमच्या रस्त्यावर बूटपॉलिश करणाऱ्या दोन खऱ्या मुलांवरून सुचली होती, पण चित्रपटात त्याने त्या दोघांना घेतलं नाही. फ्रांको इंतेरलेंगी आणि रिनाल्दो स्मोर्दोनी ही वेगळी मुलं शोधली. अनुभव खरा असणं आणि पडद्यावर तो दिसणं या त्याच्या लेखी दोन निरनिराळ्या गोष्टी होत्या.

मग तो बघायचा काय? शरीर. फ्रेंच समीक्षक आंद्रे बाझँ यांनी लिहून ठेवलंय की ब्रूनोच्या भूमिकेसाठी मुलगा निवडताना दे सिकाने त्याला अभिनय करायला सांगितलं नाही, फक्त चालायला सांगितलं. बापाच्या लांब ढांगा आणि शेजारी पोराची दुडकी चाल, ही जोडी त्याला हवी होती. एन्झो स्ताइओला हा मुलगा सापडला तोही बघ्यांच्या गर्दीत. आता चित्रपट पुन्हा बघा. बाप-मुलाचं नातं संवादांपेक्षा दोघांच्या पावलांमधल्या अंतरात जास्त दिसतं. बाप चिडला की अंतर वाढतं, मुलगा धावत ते भरून काढतो. पावसात पोरगा घसरून पडतो आणि बापाला पत्ताच नसतो. हे सगळं दोन चालींच्या निवडीतून आलं. अमेरिकन निर्माता डेव्हिड सेल्झनिक पैसे द्यायला तयार होता, पण त्याला नायक म्हणून कॅरी ग्रँट हवा होता. ग्रँट वाईट नट नव्हता, पण त्याला रोमच्या गर्दीत हरवता आलं नसतं.

तुमच्या बाप-लेकीची अशी चाचणी घ्या. दोघांना रस्त्याच्या कडेने शंभरेक फूट चालू द्या आणि फोनवर बाजूने टिपा. मग ‘दिवा लावतोय, जरा थांबा’ म्हणून तीन-चार मिनिटं नुसतं बसवून ठेवा आणि तेही टिपा. मग एखादं काम द्या, सीटचं कव्हर बदलणं, डबा भरणं. संवाद वाचून घेऊ नका, त्यातून काही कळत नाही. चाचणीत माणूस काम करताना कॅमेरा विसरत नसेल तर तो सेटवरही विसरणार नाही. तो कितीही गप्पिष्ट असला तरी त्याला छोटी भूमिका द्या आणि दुसरा शोधा.

आणखी एक. सगळेच नवखे घेण्याचा हट्ट धरू नका, त्या इटालियनांनीही धरला नव्हता. दे सिकाचा समकालीन दिग्दर्शक रोस्सेलिनी याच्या ‘रोम, ओपन सिटी’त (१९४५) आन्ना मान्यानी आणि आल्दो फाब्रित्सी हे दोघं रंगमंचावर गाजलेले कलाकार होते. ‘उंबेर्तो डी’मधल्या घरमालकिणीचं काम लीना जेन्नारी या व्यावसायिक अभिनेत्रीने केलंय. प्रसंग पुढे रेटणारी भूमिका अनुभवी नटाला द्यायची आणि नवख्याने फक्त प्रतिसाद द्यायचा, ही जोडी फार कामाची. आपल्याकडे ‘फँड्री’त पहिल्यांदाच कॅमेऱ्यासमोर आलेल्या सोमनाथ अवघडेसमोर बाप म्हणून किशोर कदम होते. ‘कोर्ट’मध्ये कार्यकर्ते असलेल्या वीरा साथीदारांच्या समोर सरकारी वकील म्हणून गीतांजली कुलकर्णी. तुमच्या लघुपटात सावकार आहे म्हणालात, तो हौशी नाटकातला का होईना, पण अनुभवी माणूस घ्या.

आता हाताला काम देण्याबद्दल, कारण तुमचा पुढचा शूटिंगचा दिवस यावरच तरेल. सायकल चोरीला जाते तो क्षण बघा. माज्जोरानी शिडीवर आहे, हातात ब्रश, समोर रिटा हेवर्थचं पोस्टर, आणि कागदाला सुरकुती पडू द्यायची नाही. चोर सायकल उचलतो तेव्हा त्याला ‘मला माहीत नाही’ असा अभिनय करावा लागत नाही, कारण त्याचं सगळं लक्ष खरोखरच कागदावर आहे. ब्रूनो घरी सायकल पुसताना तिला पोचा आलेला शोधून कुरकुरतो, निघताना बाळाच्या अंगावर उजेड येऊ नये म्हणून मागे फिरून खिडकी लावतो. शेवटी रडतानाही त्याच्या हातात बापाची टोपी असते आणि तो तिची धूळ झटकत असतो. नवख्या नटाला रिकाम्या हातांनी दे सिका क्वचितच उभा करतो.

या पद्धतीचं टोक म्हणजे ‘उंबेर्तो डी’मधली मोलकरणीची सकाळ. मारिया पिया काझिलिओ ही नवखी मुलगी स्वयंपाकघरात येते, काडी ओढते, गॅस पेटवते, भिंतीवरच्या मुंग्या पाण्याने घालवते, कॉफी दळायला बसते, बसल्या बसल्या पाय लांबवून अंगठ्याने दार लोटू बघते. मध्येच डोळ्यांत पाणी येतं, कारण ती गरोदर आहे. संवाद नाही. आणि म्हाताऱ्याचा भीक मागण्याचा प्रसंग: तो हात पसरतो, कुणीतरी पैसे द्यायला थांबतो आणि तेवढ्यात हा तळवा उलटा करतो, जणू पाऊस पडतोय का ते बघत होता. प्राध्यापक बात्तिस्तींना लाज ‘दाखवायची’ नव्हती, ठरलेल्या क्षणी तळहात फिरवायचा होता.

काम निवडताना एक अट पाळा: त्यात लक्ष घालावं लागलं पाहिजे. नुसतं पाणी पिणं, केसांतून हात फिरवणं चालणार नाही, ते नवखा माणूस ‘करून दाखवतो’. रिक्षावाल्याला दिवसाची कमाई मोजू द्या, पण खरे पैसे द्या, दहा-वीस-पन्नासच्या चुरगळलेल्या नोटा आणि नाणी मिसळून, आणि खरोखर बेरीज करायला सांगा. प्रत्येक टेकला रक्कम बदला. हे महत्त्वाचं आहे, कारण तीच रक्कम चौथ्यांदा मोजताना हात मोजतात आणि डोकं ‘आता संवाद येणार’ याचा विचार करतं. मोजता मोजता मुलगी काहीतरी विचारते आणि तो न बघता उत्तर देतो. बेरीज चुकली तर चुकू द्या, पुन्हा मोजला तर फारच छान. किंमत मोजावी लागेल ती कंटिन्यूइटीत, म्हणजे एका शॉटचा दुसऱ्याशी मेळ राखण्यात: नोटांचा ढीग एका शॉटमध्ये उंच, दुसऱ्यात बुटका. म्हणून हातांचे जवळचे शॉट वेगळे घेऊन ठेवा, मध्ये टाकता येतात. एका शॉटला एक काम आणि जास्तीत जास्त एक वाक्य. दोन वाक्यं आली की दुसरं वाक्य पहिल्याच्या शेवटी डोळ्यांत दिसायला लागतं.

आता आवाज, ज्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. त्या काळात इटलीत शूटिंगच्या वेळी आवाज घेत नसत, बोलणं आणि बाकीचे आवाज नंतर स्टुडिओत भरत. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. टेक चालू असताना दिग्दर्शक बोलू शकत होता. ‘आता थांब. डावीकडे बघ. खाली बघ. चल.’ नटाला क्रम पाठ करायची गरजच नव्हती, वाक्याचा सूर चुकला तरी बिघडत नव्हतं. तुम्ही कॉलर माइक लावून सिंक साउंड (शूटिंगच्या वेळीच आवाज) घेताय आणि टेकमध्ये गप्प बसताय. म्हणजे दे सिकाचं सगळ्यात मोठं हत्यार तुमच्याकडे नाही, आणि ते नाही हे तुम्हाला माहीतही नव्हतं.

‘बायसिकल थीव्ज’च्याच वर्षी व्हिस्कोंती या दुसऱ्या इटालियन दिग्दर्शकाने ‘ला तेर्रा त्रेमा’मध्ये उलटा मार्ग धरला. सिसिलीतल्या आची त्रेझ्झा गावचे खरे कोळी, त्यांची खरी बोली, जागेवर घेतलेला आवाज. ऐकायला अप्रतिम, पण बाकीच्या इटलीला बोली कळेना, म्हणून निवेदन जोडावं लागलं. दोन्ही मार्ग खरे आहेत, फक्त त्यांची सरमिसळ समजून करायला हवी.

तुमच्या रिक्षावाल्याची बोली हीच तुमची पुंजी आहे, त्यामुळे सरसकट डबिंग करा असं मी म्हणणार नाही. आठ वर्षांच्या मुलीला स्टुडिओत ओठ जुळवायला लावणं तर जवळजवळ अशक्य. प्रसंगांची वाटणी करा. ज्या शॉटमध्ये कुणी बोलत नाही ते सरळ मुके घ्या आणि टेकभर सूचना देत राहा. नंतर त्याच जागेचा मोकळा आवाज दोन मिनिटं वेगळा रेकॉर्ड करून खाली घाला. ज्यात एखाददुसरं वाक्य आहे तिथे वाक्य आदल्या रात्री पाठवू नका. कॅमेरा चालू करून समोरच्या पात्राच्या जागी तुम्ही बसा, वाक्य त्याच्या कानावर घाला, त्याला त्याच्या शब्दांत म्हणू द्या, लगेच पुन्हा, आणि पुन्हा. तुमचा आवाज संपल्यावर दोन सेकंद थांबून मगच त्याने बोलायचं, नाहीतर संकलकाला तुमचा आवाज कापता येत नाही. हे दोन सेकंद विसरल्यामुळे वाया गेलेले उत्तम टेक संकलनाच्या टेबलावर नेहमी दिसतात. मोठं संभाषण असेल तर शब्द लिहूच नका, तीन मुद्दे द्या आणि दोन कॅमेरे लावा, दुसरा फोनचा असला तरी चालेल.

शिवाय, चांगला टेक झाला पण मागून ट्रक गेला असेल तर तिथल्या तिथे, पाच मिनिटांच्या आत, माणसाला भिंतीच्या आडोशाला नेऊन तेच वाक्य फक्त आवाजात चार-पाच वेळा घ्या. श्वास आणि दम तोच असतो, म्हणून ते पुष्कळदा जुळून जातं. आठवड्याने स्टुडिओत बोलावलंत तर जुळणार नाही.

छोट्या गोष्टी: ‘साउंड, कॅमेरा, ॲक्शन’ची आरोळी बंद करा, नवखा माणूस ‘ॲक्शन’ ऐकून ताठ होतो. क्लॅप (चित्र आणि आवाज जुळवण्यासाठी वाजवायची पाटी) शॉटच्या शेवटी, उलटी धरून द्या. कॅमेऱ्याचा लाल दिवा काळ्या टेपने झाका. लेकीबरोबरच्या शॉटमध्ये कॅमेरा तिच्या डोळ्यांच्या उंचीवर आणा, आठ वर्षांच्या मुलीसाठी साधारण पावणेचार फूट. मुलांचे पहिले दोन टेक सहसा सर्वांत ताजे असतात, चौथ्यानंतर सोडून द्या आणि प्रसंगच बदला. मोठी नवखी माणसं तिसऱ्या-चौथ्याला सैलावतात आणि सातव्या-आठव्याला कंटाळतात.

रस्त्यावरच्या शूटिंगबद्दल: तुम्ही गर्दीच्या चौकात कॅमेरा लावला आणि निम्मे लोक लेन्समध्ये बघताहेत. हे होणारच. ‘बायसिकल थीव्ज’मध्ये पोर्ता पोर्तेझेच्या बाजारातला मुसळधार पाऊस आठवतो? तो अग्निशमन दलाच्या नळ्यांचा. त्या पावसात बाप-लेकाशेजारी आडोशाला येणारे जर्मन बोलणारे तरुण पाद्रीही ठरवून आणलेले, त्यांतला एक तेव्हाचा सहायक आणि पुढचा प्रसिद्ध दिग्दर्शक सर्जिओ लिओने. जागा खरी, गर्दी बांधलेली. तुम्हाला शंभर माणसं परवडणार नाहीत, पण सहा-सात ओळखीची माणसं कॅमेरा आणि खरी गर्दी यांच्यामध्ये पेरता येतात. पुढचा थर तुमचा, मागचा थर शहराचा. मागचे लोक थोडे फोकसबाहेर गेले की ते कुठे बघताहेत हे कळत नाही. ‘शूशाइन’चा शेवटचा पुलावरचा प्रसंग तर स्टुडिओतला आहे, नीट बघितलं तर कळतं. तेव्हा घरातल्या प्रसंगाला खरी दहा बाय दहाची खोलीच हवी असा आग्रह नको. मित्राच्या मोठ्या खोलीचा एक कोपरा लावलात तर कॅमेऱ्याला मागे सरकायला जागा मिळते आणि नटाच्या नाकासमोर यंत्र येत नाही.

मुलीला रडवायचं कसं, हे तुम्ही जरा आडून विचारलंय. ब्रूनोच्या रडण्याबद्दल एक गोष्ट सगळीकडे सांगितली जाते: दे सिकाने स्ताइओलाच्या खिशात सिगारेटची थोटकं टाकली आणि सगळ्यांसमोर त्याला थोटकं गोळा करणारा म्हणून हिणवलं, पोरगं खरंच रडलं. हे करू नका. नीतीचा भाग बाजूला ठेवला तरी व्यवहारात ते एकदाच चालतं, त्यानंतर मूल तुमच्यावर विश्वास ठेवत नाही आणि उरलेले दिवस हातचे जातात. शिवाय आपल्याकडे आता कायदा आहे. बालकामगार कायद्याच्या २०१७च्या नियमांनुसार बालकलाकाराला दिवसात पाच तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते, मुलाच्या मर्जीविरुद्ध काम करून घेता येत नाही आणि मिळकतीतला किमान २० टक्के भाग त्याच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवावा लागतो. लघुपट आहे, कोण विचारतो, असं म्हणू नका. महोत्सवात गेलात की विचारतात.

रडण्याऐवजी रडून झाल्यानंतरचं दाखवा. तोंड धुऊन आलेली, नाक ओढणारी, फ्रॉकच्या टोकाने चेहरा पुसणारी मुलगी हे आठ वर्षांच्या पोरीला सहज जमतं. आणि हाताला काम: बापाची पडलेली चप्पल उचलून आणायची.

नवख्याला मुख्य भूमिकेत घेताना शूटिंगनंतरचाही विचार करावा लागतो. माज्जोरानीची कारखान्यातली नोकरी चित्रपटानंतर गेली, याने सिनेमात भरपूर कमावलं असणार असा समज पसरला होता. पुढे त्याला किरकोळ भूमिका मिळत राहिल्या, नट म्हणून तो कधी उभा राहिला नाही. इंतेरलेंगी मात्र मोठा नट झाला, काझिलिओलाही कामं मिळाली. कुणाचं काय होईल हे सांगता येत नाही. तुमचा रिक्षावाला शूटिंगच्या दिवसाची कमाई बुडवून येतोय. ती अधिक मानधन, रोजच्या रोज, रोख किंवा खात्यावर, आणि आधी कागदावर लिहून द्या. ‘तुमचं नाव होईल’ हे वाक्य तोंडातून काढू नका.

दे सिका स्वतःही या पद्धतीला कायमचा चिकटून राहिला नाही. ‘उंबेर्तो डी’ पडला. तेव्हा सरकारात असलेल्या जुलिओ आन्द्रेओत्तीने उघड पत्र लिहून इटलीचं वाईट चित्र दाखवल्याबद्दल टीका केली. दे सिका दुसऱ्यांच्या चित्रपटांत भूमिका करून पैसे उभे करत असे, जुगारात बरेच घालवतही असे. पुढे १९६०च्या ‘टू विमेन’मध्ये त्याने सोफिया लॉरेनला घेतलं आणि तिला ऑस्कर मिळालं. त्याला नवखा नट हे व्रत नव्हतं, गरजेनुसार निवडलेलं साधन होतं. १९५२च्या जानेवारीत मुंबईत पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव झाला, त्यात ‘बायसिकल थीव्ज’ दाखवला गेला. त्यानंतरच्या वर्षी आलेल्या बिमल रॉय यांच्या ‘दो बिघा जमीन’मध्ये रिक्षा ओढणारा माणूस बलराज साहनी होते, पूर्ण व्यावसायिक नट. त्यांनी कलकत्त्यात रिक्षा ओढायचा सराव केला होता. म्हणजे वाट दुसऱ्या बाजूनेही जाते.

दोन दिवसांच्या रशेस सगळ्या फेकू नका. आवाज बंद करून बघा. जिथे आवाजाशिवाय दोघं बरे दिसतात ते शॉट ठेवा, त्यांना वर सांगितलेल्या पद्धतीने जागेचा आवाज लावता येईल. माझा अंदाज, चालतानाचे आणि रिक्षा धुतानाचे शॉट वाचतील, समोरासमोर बसून बोलण्याचा प्रसंग जाईल. तोच पुन्हा घ्या, पैसे मोजता मोजता. पण त्याआधी ‘उंबेर्तो डी’मधला स्वयंपाकघराचा प्रसंग कागद-पेन घेऊन बघा, ती मुलगी किती कामं करते आणि कॅमेरा कधी तिच्याजवळ जातो ते टिपून ठेवा, आणि तुमच्या प्रसंगाची तशीच यादी करून इथे टाका. यादी बघितल्याशिवाय लेन्सबद्दलच्या तुमच्या शेवटच्या प्रश्नाला उत्तर देण्यात अर्थ नाही.